कोफ्त्याचा रविवार

तो रविवार इतर रविवारांसारखाच होता. उत्तराला पुढे त्याचाच जास्त शीण झाला. आठवायला बसलं की हाती काही लागायचंच नाही. सगळं नेहमीचं, सगळं आधीच्या रविवारांत मिसळून गेलेलं. या रविवारचं कोणतं आणि त्याआधीचं कोणतं, हेही नीट सांगता येऊ नये.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ती नोएडाहून निघायची. आधी मेट्रो, मग नवी दिल्लीहून गाडी, आणि खिडकीतून सोनिपतची, समालख्याची धूळ बघत पानिपत. एका प्रकाशनाच्या कचेरीत ती आठवडाभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करायची. रविवारी डोळ्यांना अक्षर नको वाटायचं, म्हणून गाडीत पुस्तक उघडं ठेवून ती बाहेरच बघायची. पानिपत स्टेशनबाहेर श्यामकांत, तिचे बाबा, आपल्या जुन्या चंदेरी गाडीची काच खाली करून बसलेले असायचे. सत्तरीला टेकलेला माणूस, पण लेक दिसली की तोच एक विनोद करायचा.

"आलात का भाऊसाहेब? फौज कुठाय?"

"मागे राहिली, बाबा. मुरथळला पराठे खातेय."

"म्हणूनच हरलो आपण," ते म्हणायचे आणि गाडी सुरू करायचे.

श्यामकांत केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग खात्यात होते. नोकरीची बरीच वर्षं दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. शेवटी बदली झाली ती पानिपतला, हातमागांच्या आणि रजयांच्या गावात. निवृत्तीनंतर ते तिथेच राहिले, कारण दिल्लीत घर परवडेना आणि पुण्यात करमेना. पुण्याचे नातेवाईक टोमणा मारत, "श्याम, घर घ्यायला अख्ख्या हिंदुस्थानात हेच गाव सापडलं?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "एवढे लाखभर आले, कोणी मुक्कामाला राहिलं का? मी राहिलो."

घराच्या फाटकाशी आई, अलका, तयार होऊन उभी असायची. ती मागे बसली की गाडी घरात न शिरताच वळायची आणि जीटी रोडवरच्या 'केसरबाग'कडे निघायची. केसरबाग म्हणजे उड्डाणपुलाच्या कडेचं एकमजली, कुटुंबांचं म्हणून ओळखलं जाणारं हॉटेल. दाराशी प्लास्टिकची वेल, आत कायम थोडा जास्तच थंड ठेवलेला हॉल, टेबलांवर सिरक्यात मुरवलेले आंबट, गुलाबी कांदे. कोपऱ्यातलं टेबल यांचं. बाबा दाराकडे तोंड करून बसायचे, "कोण येतं-जातं ते कळलं पाहिजे," म्हणून. महेंदर नावाचा वेटर मेनूकार्ड आणायचा आणि बाबा ते न उघडताच परत करायचे.

"वही," ते म्हणायचे.

वही म्हणजे तेच, नेहमीचं: मलई कोफ्ता, पिवळी डाळ, तंदुरी रोटी आणि अलकासाठी जिरा राइस. यातला कोफ्ता उत्तरासाठी. नोएडात नोकरी लागल्यावर ती पहिल्यांदा घरी आली, त्याच महिन्यात बाबा निवृत्त झाले होते. त्या आनंदात ते सगळ्यांना इथे घेऊन आले, कोफ्ता मागवला आणि तिनं पहिला घास घेताच पुढे वाकून विचारलं, "कसाय?" ती म्हणाली, "छान आहे." एवढंच. पण त्या दोन शब्दांची काळ्या दगडावरची रेघ झाली. तेव्हापासून तो उत्तराचा कोफ्ता आणि ते उत्तराचं हॉटेल.

खरं म्हणजे तिला तो मुळीच आवडत नसे. काजूची ती पांढरी गोड ग्रेव्ही, खिरीत कोणी चुकून गरम मसाला टाकावा तशी. दोन कोफ्ते पोटात गेले की परतीच्या गाडीत जड व्हायचं, आणि रात्री ती नुसतं पाणी पिऊन झोपायची. पण बाबा वाढताना इतके खुशीत असत, महेंदरशी इतक्या गप्पा मारत, की तिला वाटायचं, त्यांची आवडती जागा आहे, आपण कशाला मोडता घालायचा? महिन्यातून एक कोफ्ता म्हणजे काही जन्मठेप नव्हे.

त्या रविवारीही तसंच झालं. मार्चचं ऊन काचेवर होतं. डाळ आणताना महेंदर म्हणाला, "आज की दाल बिल्कुल ताज़ा है अंकलजी, विश्वास रखिए."

"विश्वास तो यहीं गया था, भाई. ढाई सौ साल से ऊपर हो गए."

महेंदर हसला आणि गेला.

"त्या बिचाऱ्याला काय कळणार," अलका म्हणाली. "दर वेळी तेच."

"आपल्याला कळलं ना, बस." बाबांनी उत्तराच्या ताटात दुसरा कोफ्ता ठेवला. स्वतः अर्धी रोटी खाल्ली असेल-नसेल.

"तुम्ही काहीच खात नाही आहात, बाबा."

"ऊन किती आहे गं. तू खा. कसाय?"

"छान आहे."

संध्याकाळी स्टेशनवर ते म्हणाले, "पुढच्या वेळी लवकरची गाडी पकड. धावपळ होते तुझी." ती म्हणाली, "बघते."

सोमवारी सकाळी अलका अंघोळीला गेली तेव्हा श्यामकांतांनी दूध तापत ठेवलं आणि ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. करपल्याचा वास न्हाणीघरात आला तेव्हा तिनं आतूनच हाक मारली, "अहो, दूध बघा." मग पुन्हा मारली. बाहेर आली तेव्हा दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि ते बसल्या जागीच गेले होते, हात मांडीवर ठेवून, पाहुण्याकडे बसतात तसे. तिनं गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि उत्तराला फोन लावला. "बाबा उठत नाहीयेत गं," एवढंच तिला म्हणता आलं.

त्यानंतरचे दिवस उत्तरानं नुसते ओढले. कोण आलं, कोणी चहा केला, दाखल्यासाठी कोण धावलं, यातलं पुष्कळसं तिच्या चुलतभावानं निभावलं. जयदीप गुरुग्रामला नोकरीला होता, बाबांचा सख्खा पुतण्या. बोलायला भडभड्या, पण कामाला वाघ. अग्नी त्यानंच दिला.

दहाव्याला यमुनेच्या काठी जायचं होतं. दिल्लीहून येणाऱ्या गुरुजींनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं, "पिंडाजवळ ठेवायला त्यांच्या आवडीचं काहीतरी घेऊन या. म्हणजे कावळा शिवायला बरं." अलका तेव्हा गोळी घेऊन पडली होती. तिला उठवून काय विचारायचं, असं उत्तराच्या मनात आलं. विचारण्यासारखं होतंच काय? दहाव्याच्या सकाळी तिनं जयदीपला गाडी केसरबागसमोर थांबवायला सांगितली. हॉटेल नुकतंच उघडत होतं. महेंदर दिसला नाही. काउंटरवरच्या माणसाला तिनं लवकरात लवकर मलई कोफ्ता बांधून द्यायला सांगितलं, आणि तो गरम डबा मांडीवर घेऊन ती नदीपर्यंत बसून राहिली. मागच्या सीटवर आई डोळे मिटून होती.

नदीला पाणी कमी होतं. वाळूवर पत्रावळ मांडली, भाताचे पिंड ठेवले आणि शेजारी द्रोणात तो कोफ्ता, वर मलईची रेघ आणि चिरलेली कोथिंबीर. उन्हात तो फारच सणासुदीचा दिसत होता. सगळे मागे सरले. विजेच्या तारेवर कावळे होते, चांगले पाच-सहा. पण एकही खाली येईना.

"काही राहिलं असेल मनात," गुरुजी म्हणाले. "बोला त्यांना."

जयदीपनं हात जोडले. "काका, काकूची काळजी करू नका. तिला इथे एकटं ठेवणार नाही. पुण्याला माझ्या आईबाबांकडे नेऊन सोडतो. बिल्कुल टेन्शन घेऊ नका." तारेवर हालचाल नाही. "काका, गाडीचा इन्शुरन्सही मी बघतो." तरी नाही. उत्तरानं हात जोडले, पण तिला काही सुचेना. वाक्यं दुरुस्त करण्यात जन्म चालला होता. स्वतःचं एक वाक्य मात्र तोंडातून निघेना.

शेवटी एक कावळा उतरला. उड्या मारत द्रोणाजवळ आला, मान वाकडी करून कोफ्त्याकडे पाहिलं, आधी एका डोळ्यानं आणि मग दुसऱ्यानं, आणि उडून पुन्हा तारेवर जाऊन बसला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना दुपारी दिल्लीत दुसरीकडे जायचं होतं. आणखी थोडा वेळ वाट पाहून त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. शास्त्रात तशी सोय आहे, असं ते म्हणाले.

अलका गाडीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. उत्तरा तिच्यापाशी गेली तेव्हा ती म्हणाली, "दहीभात आणायला हवा होता."

"मला वाटलं कोफ्ता. त्यांना आवडायचा ना."

"ह्यांना?" अलकानं तिच्याकडे पाहिलं. "ह्यांना कुठे आवडायचा? त्या हॉटेलातलं काहीच पचायचं नाही ह्यांना. तुला गाडीत बसवून आले की घरी दहीभात खायचे. मी भात लावूनच निघायचे सकाळी."

"मग जात कशाला होतो आपण?"

"अगं, तुला आवडतो ना."

सांगायला काही फार नव्हतं, चार शब्दांचं काम होतं. पण ते शब्द बोलले की मागे इतक्या वर्षांचे रविवार उभे होते, त्यांचं काय करायचं ते तिला कळेना. तीन माणसं दर महिन्याला एका टेबलाभोवती बसली आणि त्यातल्या दोघांनी एकमेकांसाठी नको ते गिळलं. तिकडून जयदीपनं हाक मारली, "चलो, निघू या का? ऊन वाढतंय." आणि ती सामान उचलायला वळली.

तेरावा झाला. माणसं पांगली. उत्तरा नोएडाला परतली आणि पुन्हा दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करू लागली. एका पानावर दोन-दोन तास जायचे. जयदीपचे फोन मात्र नेमानं येत होते. पुण्याला काका-काकूंनी खोली रिकामी केली होती. पानिपतचं घर भाड्यानं द्यायचं. एकट्या बाईनं परक्या गावात राहून काय करायचं? बोलणं सगळं रास्त होतं. उत्तराच्या एका खोलीच्या भाड्याच्या घरात आई मावणार नव्हती, हेही कोणी न बोलता सगळ्यांना माहीत होतं.

"तुझं काय म्हणणं आहे?" उत्तरानं आईला फोनवर विचारलं.

"बघू," अलका म्हणाली. मग जरा थांबून, "पहिल्या रविवारी येतेस ना? मी केसरबागला टेबल सांगून ठेवते."

"आई, कशाला उगाच. घरीच राहू या."

"नको. येच तू. ह्यांनी कधी चुकवलं नाही."

उत्तरानं येते म्हटलं. आई रागावलेली नव्हती, रडतही नव्हती. मेट्रोचं दार लागण्याआधी कोणी आत हात घालावा, तसं काहीतरी त्या आवाजात होतं.

त्या रविवारी ती लवकरची गाडी पकडून आली. स्टेशनबाहेर रांगेत ई-रिक्षा होत्या. चंदेरी गाडी लावायची जागा रिकामीच होती, तिथे एक माणूस कलिंगडं विकत होता. घराच्या फाटकाशी आई तयार होऊन उभी होती, नेहमीसारखी, फिकट हिरव्या साडीत. गाडी बाहेर काढायला कोणी नव्हतं. दोघी ई-रिक्षानं निघाल्या. खड्डा आला की अलका एका हातानं दांडी धरायची आणि दुसऱ्यानं उत्तराचा गुडघा.

कोपऱ्यातलं टेबल मांडून ठेवलेलं होतं. तीन ताटं, तीन ग्लास. महेंदर पुढे आला, पाणी ओतू लागला.

"नमस्ते आंटीजी. अंकलजी गाड़ी लगा रहे हैं?"

अलकाचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. बाहेरचं सगळं बोलणं श्यामकांतांच्या वाटणीचं असायचं. तिनं शब्द जुळवले. "नहीं, बेटा. वो नहीं रहे. पिछले महीने."

महेंदरनं हातातला पाण्याचा जग खाली ठेवला. मग त्यानं तिसऱ्या ताटाकडे हात नेला.

"रहने दो," अलका म्हणाली.

तो मेनूकार्ड आणायला वळला, पण तिनं मानेनं नको म्हटलं.

"वही," ती म्हणाली.

उत्तरानं आईकडे पाहिलं. आईनं या हॉटेलात स्वतः काही मागवण्याची ही पहिली वेळ. ती खुर्चीत अवघडून बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी, पर्स मांडीवर आणि नजर दाराकडे. बाबांची जागा मोकळी ठेवून दोघी समोरासमोर बसल्या होत्या, त्यामुळे दाराकडे बघायला अलकाला मान वळवावी लागत होती. पण ती बघत होती.

जेवण आलं. कोफ्ता, डाळ, रोट्या, जिरा राइस. अलकानं चमचा उचलला आणि कोफ्ता उत्तराच्या ताटात वाढला. एक, मग दुसरा. ग्रेव्ही टेबलावर सांडली. तिनं ती कागदी रुमालानं टिपली, दोनदा.

"खा. कसाय?"

उत्तरानं घास घेतला. तोच गोडपणा, तोच काजू. तिनं रोटीचा तुकडा मोडला.

"मी जयदीपला हो म्हणून टाकते," अलका म्हणाली. "जाते पुण्याला."

"तुला जायचंय?"

"जायचंय काय आणि नाही काय. तो एवढा मागे लागलाय." तिनं भात चिवडला. "आणि तुझीही काळजी नको. मी चौकशी केलीय."

"कसली?"

"भाऊजींना विचारलं फोनवर. सिंहगड रोडला एक हॉटेल आहे म्हणे, पंजाबी चांगलं मिळतं. कोफ्तासुद्धा. भाऊजी म्हणाले, इथल्यापेक्षा बरा असेल." ती घाईघाईनं बोलत होती, पाठ केलेलं विसरायच्या आत. "लांब आहे, दर महिन्याला नाही जमायचं तुला, ते समजतं मला. पण दिवाळीला, उन्हाळ्यात. आलीस की जाऊ आपण. मी रिक्षानं नेईन तुला."

उत्तरानं रोटी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांपुढे आई दिसली, रिकाम्या घरात फोन कानाला लावून पुण्याच्या दिराला विचारणारी, की भाऊजी, तुमच्याकडे कोफ्ता कुठे बरा मिळतो. तेराव्यानंतरच्या पंधरा दिवसांत तिनं एवढी एकच गोष्ट स्वतःहून केली होती.

"आई, त्याची काय गरज आहे?"

"गरज आहे," अलका म्हणाली. "मी ह्यांना एकदा म्हटलं होतं. म्हटलं, अहो, दर वेळी बाहेर कशाला, तुम्हाला सोसत नाही, घरीच करते काहीतरी. तर मला म्हणाले, अलका, तू आपली भोळी आहेस. घरच्या आमटीभातासाठी नोएडाहून कोण येतंय एवढं? कोफ्ता आहे म्हणून येते पोर." ती किंचित हसली. "चेष्टेनंच म्हणाले. पण पुन्हा मी विषय काढला नाही. मलाही वाटलं, खरंच असेल. तुमचं जग वेगळं. आमच्याकडे होतंच काय दुसरं?"

शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस होता, टाळ्या वाजत होत्या. महेंदर त्या बाजूला केक घेऊन गेला आणि जाताना या टेबलाकडे बघून ओशाळला. उत्तरा त्या दोन कोफ्त्यांकडे बघत राहिली. एक अर्धा तोडलेला, एक अख्खा. तारेवरून उतरलेल्या त्या कावळ्यानं असंच पाहिलं होतं, आधी एका डोळ्यानं आणि मग दुसऱ्यानं. त्याला जे कळलं ते या टेबलावर इतकी वर्षं कोणी बोललं नव्हतं. ती खूप दमली होती. गप्प राहायलाही आता अंगात जोर उरला नव्हता.

"आई," ती म्हणाली, "मला कोफ्ता आवडत नाही."

"आज बिघडलाय का?"

"आज नाही. कधीच आवडला नाही. पहिल्या दिवसापासून."

अलकाचा चमचा थांबला. "मग छान आहे, छान आहे म्हणायचीस ती?"

"मला वाटायचं, बाबांना इथे यायला आवडतं."

अलकाच्या खांद्यांना हिसके बसू लागले. उत्तराला आधी कळेना की ती रडतेय की हसतेय, आणि बहुधा अलकालाही कळत नव्हतं. तिनं पदर तोंडाशी धरला. "अगं बाई," ती म्हणाली. "म्हणजे मी एकटीच गं. मला हा जिरा राइस खरंच आवडतो."

उत्तराही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. तिनं ताट बाजूला सारलं.

"पुण्याला जायचं तर तुला हवं म्हणून जा," ती म्हणाली. "माझ्यासाठी हॉटेल शोधून जाऊ नकोस. तू इथे राहिलीस तर मी इथे येईन. तिथे राहिलीस तर तिथे येईन. मी जेवायला नव्हते येत, आई."

"मग?"

उत्तरानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण नजर आईवर ठरली नाही. ती बाजूच्या ताटाकडे गेली, पालथा ग्लास आणि घडी न मोडलेला रुमाल, आणि त्यामागच्या खुर्चीकडे, जिथून दार सरळ दिसायचं.

"तुम्हाला बघायला यायचे, बाबा," ती म्हणाली, हलक्या पण स्पष्ट आवाजात. "आमटीभातासाठी आले असते मी."